कानालेत्तोच्या सान मार्को चौकात दोन्ही बाजूंच्या रेषा एका बिंदूत का मिळत नाहीत?

रेषाटन

नमस्कार मंडळी,

अठराव्या शतकातल्या इटालियन नगरदृश्यांचा, म्हणजे ज्यांना ‘वेदुता’ म्हणतात त्या चित्रांचा, पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवण्याच्या रीतीच्या, अंगाने अभ्यास चालू आहे. सुरुवात कानालेत्तो या व्हेनिसच्या चित्रकारापासून केली. विषय व्हेनिसचा सान मार्को चौक, पश्चिमेच्या टोकाकडून पूर्वेला पाहिलेला. समोर बॅसिलिका, म्हणजे सान मार्कोचं मोठं चर्च, डावीकडे प्रोकुरातिए वेक्किए, उजवीकडे प्रोकुरातिए नुओवे आणि त्यांच्या पुढे सुटा उभा असलेला घंटामनोरा.

छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून डाव्या इमारतीच्या कंगोऱ्यांच्या आणि मजल्यांच्या रेषा वाढवल्या, तर त्या क्षितिजरेषेवर, म्हणजे डोळ्याच्या उंचीच्या आडव्या रेषेवर, एका ठिकाणी मिळतात. उजवीकडच्या मिळतात त्या तिथून बऱ्याच लांब, दुसऱ्याच ठिकाणी. समोरासमोरच्या भिंती आहेत, मग लोपबिंदू, म्हणजे समांतर रेषा चित्रात जिथे मिळतात तो बिंदू, एकच यायला हवा ना? उलट एकच बिंदू धरून चौक आखला की तो बोळासारखा अरुंद दिसतो आणि बॅसिलिका पार आक्रसून जाते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही चित्रकाराची चूक आहे की मुद्दाम केलेली ओढाताण? डावीकडची कमानींची लांबच लांब रांग हिशोबात कशी बसवायची? आणि कॅमेरा ऑब्स्क्युरातून, म्हणजे भिंगाने कागदावर प्रतिमा पाडणाऱ्या पेटीतून, नुसतं गिरवलं की हे सगळं आपोआप मिळायचं, असं वाचायला मिळतं, ते कितपत खरं?

कर्णरेघ

तुमचं ट्रेसिंग बरोबर आहे आणि चित्रही बरोबर आहे. चुकलंय ते गृहीतक. हा चौक आयताकृती नाहीच, तो समलंब आहे. पश्चिमेला रुंदी साधारण ५७ मीटर, पूर्वेला बॅसिलिकेकडे साधारण ८२ मीटर, लांबी सुमारे १७५ मीटर. म्हणजे आपण बॅसिलिकेकडे तोंड करून उभे असलो की दोन्ही बाजूंच्या इमारती आपल्यापासून लांब जाता जाता एकमेकींपासूनही लांब जातात. समांतर नसलेल्या भिंतींचा लोपबिंदू एक येईलच कसा?

आकडे घालून पाहू. मधोमध उभं राहिलं तर प्रत्येक भिंत अक्षापासून १७५ मीटरात १२.५ मीटर बाहेर सरकते. १२.५ भागिले १७५ म्हणजे ०.०७१. कॅनव्हास १०० सेंमी रुंद आणि डोळ्यापासून चित्रप्रतलाचं (ज्यावर चित्र उमटतं त्या सपाट पृष्ठभागाचं) अंतरही १०० सेंमी धरलं, तर डाव्या भिंतीचा लोपबिंदू मध्यापासून ७.१ सेंमी डावीकडे येतो आणि उजव्या भिंतीचा तेवढाच उजवीकडे. मधली फट १४ सेंमीची. कोनात सांगायचं तर दोन भिंतींमध्ये सुमारे ८ अंशांचा फरक आहे. डोळ्याला तो जागेवर कळत नाही, कागदावर मात्र लगेच उघडा पडतो.

तुमचा चौक बोळासारखा का होतो तेही यातच आहे. पश्चिम टोकाला उभं राहून, ५७ मीटर रुंदी शेवटपर्यंत कायम धरून आखलं, तर पूर्वेचं टोक याच कॅनव्हासवर ५७ × १०० / १७५ म्हणजे ३३ सेंमी रुंद येतं. खरी रुंदी ८२ मीटर धरली तर ४७ सेंमी. बॅसिलिकेसाठी १४ सेंमी जागा कमी पडली, मग ती आक्रसणारच.

हीच गोष्ट उलट बाजूने पडताळून पाहा. बॅसिलिकेकडून पश्चिमेला पाहिलेल्या दृश्यात भिंती लांब जाताना जवळ येतात, त्यामुळे डाव्या भिंतीचा लोपबिंदू मध्याच्या उजवीकडे जातो आणि उजव्या भिंतीचा डावीकडे. तिथे चौक आहे त्याहून लांब भासतो. रोमच्या काम्पिदोलिओ चौकात मायकेलअँजेलोने दोन बाजूंच्या इमारती अशाच तिरक्या धरल्या आहेत. तिथेही एकच बिंदू धरून आखणाऱ्याची हीच फसगत होते.

दोन सावधगिऱ्या. कानालेत्तोच्या काळी पश्चिम टोकाला सान जेमिनियानोचं चर्च होतं, ते १८०७ मध्ये पाडलं गेलं. त्यामुळे ती बाजू आजच्या फोटोशी ताडू नका. आणि घंटामनोरा १९०२ मध्ये कोसळला, १९१२ मध्ये जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला. त्याची मापं आजची घेतली तरी चालतील.

आता खरी ओढाताण कुठे आहे? ती मनोऱ्यात आणि उभं राहण्याच्या जागेत. मनोरा ९८.६ मीटर उंच. चौकाच्या पश्चिम टोकापासून तो १३०-१४० मीटरवर धरला तर वरच्याच मापाने कॅनव्हासवर त्याची उंची ७० सेंमीच्या पुढे जाते. कॅनव्हासची एकूण उंची ६० सेंमीच्या आसपास, त्यात क्षितिजरेषा खालून एक तृतीयांशावर. म्हणजे क्षितिजाच्या वर जागा उरली ४० सेंमी. मनोरा अर्ध्याहून थोडा वर जाताच चौकटीबाहेर! तो पूर्ण बसवायचा तर चित्रकाराला सुमारे १०० मीटर मागे सरकायला हवं, आणि तिथे मागे चर्च आणि घरं आहेत, उभं राहायला जागाच नाही. मग दोनच वाटा उरतात. दृष्टिबिंदू कल्पनेनेच इमारतींच्या पाठीमागे न्यायचा, नाहीतर मनोराच थोडा आवरता घ्यायचा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कानालेत्तोचं या चौकाचं १७२० च्या दशकाच्या अखेरचं चित्र आहे, ६८.६ × ११२.४ सेंमीचं. त्यात मनोऱ्याच्या खिडक्या प्रत्यक्षापेक्षा कमी आहेत आणि बॅसिलिकेपुढचे झेंड्यांचे खांब प्रत्यक्षापेक्षा उंच. हे नजरचुकीने झालेलं नाही. खिडक्या कमी केल्या की विटांचा सपाट उभा पट्टा मोठा दिसतो आणि मनोरा आभाळावर ठाम बसतो.

मनोऱ्याची ओढाताण मोजायची सोपी खूण सांगतो. पायथ्याची बाजू सुमारे १२ मीटर आहे, म्हणजे उंची रुंदीच्या साधारण आठपट. आपल्याकडे तोंड असलेल्या पृष्ठभागाचीच रुंदी घ्या, कडेचा तिरका पृष्ठभाग त्यात मिसळू नका. गुणोत्तर आठाच्या बरंच इकडेतिकडे आलं तर चित्रकाराने हात घातला आहे असं समजा.

मापपट्टी

कर्णरेघ यांनी दृष्टिबिंदू मागे नेण्याबद्दल लिहिलंय. तो नेमका किती मागे नेला आहे, हे चित्रावरूनच काढता येतं आणि त्यासाठी इमारतीची खरी उंची माहीत असावी लागत नाही. फक्त कमानी मोजता आल्या पाहिजेत.

प्रोकुरातिए वेक्किएला तळमजल्यावर ५० कमानी आहेत आणि वरच्या दोन मजल्यांवर प्रत्येकी १०० खिडक्या, म्हणजे एका कमानीवर दोन. इमारतीची लांबी १५२ मीटर. एका कमानीच्या वाट्याला ३.०४ मीटर येतात.

चित्रात ही इमारत जिथे चौकटीला भिडते तिथे जमिनीपासून वरच्या कंगोऱ्यापर्यंतची उंची मोजा. मग बॅसिलिकेकडच्या टोकाला तीच उंची मोजा. पहिलीला दुसरीने भागा. या दोन जागांच्या मधल्या कमानी मोजून ३.०४ ने गुणा आणि आलेल्या मीटरांना ‘गुणोत्तर वजा एक’ ने भागा. जे उरेल ते डोळ्यापासून चौकटीजवळच्या कमानीपर्यंतचं अंतर, मीटरमध्ये.

उदाहरणार्थ, उंच्या २१ सेंमी आणि ८ सेंमी आल्या, मध्ये ३६ कमानी आहेत. गुणोत्तर २.६२५. ३६ कमानींचे १०९ मीटर. १०९ भागिले १.६२५ म्हणजे ६७ मीटर. चित्रकार त्या कमानीच्या ६७ मीटर मागे आहे. डावीकडच्या चौदा कमानी चौकटीबाहेर राहिल्या असतील तर त्यांचे ४३ मीटर वजा करा, म्हणजे तो इमारतीच्या पश्चिम टोकाच्या अजून २४ मीटर मागे आहे हे कळतं. मग आराखड्यावर ती जागा शोधा आणि तिथे मोकळी जमीन आहे की भिंत ते पाहा.

इथे मोजमापाची चूक फार महागात पडते. छोट्या छापील प्रतीवर टोकाची उंची २० मिमीच्या जागी १९ मिमी धरली तर उत्तर ५ मीटरने सरकतं. म्हणून संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा घ्या आणि तीन-चार वेगवेगळ्या कमानींवरून हिशोब करून पाहा. हाच हिशोब उजव्या बाजूलाही करा. दोन बाजूंनी दोन वेगळी उत्तरं आली आणि ती मोजमापाच्या चुकीत बसत नसतील, तर दोन बाजू दोन वेगळ्या जागांवरून काढून जोडल्या आहेत असं म्हणायला आधार मिळतो. नुसते दोन लोपबिंदू दिसले म्हणून तसं म्हणता येत नाही. लोक घाई करतात ती इथेच.

आता कमानींची रांग. कर्ण काढून अर्धं, मग त्याचं अर्धं, ही शाळेतली रीत ५० ला लागू होत नाही, कारण ५० चं अर्धं २५ आणि त्यापुढे गाडी अडते. मापरेषेची रीत वापरा. भिंतीच्या पायथ्याच्या जवळच्या टोकातून एक आडवी रेषा काढा, क्षितिजाला समांतर. तिच्यावर ५० सारखे भाग पाडा, ६ मिमीचा एक धरलात तर ३० सेंमी. शेवटची खूण भिंतीच्या पायथ्याच्या लांबच्या टोकाशी जोडा आणि ती रेषा क्षितिजापर्यंत वाढवा. ती क्षितिजाला जिथे टेकते तो तुमचा मापबिंदू. बाकीच्या सगळ्या खुणा त्या बिंदूशी जोडल्या की भिंतीच्या पायथ्यावर कमानींच्या जागा मिळतात.

भिंतीचं लांबचं टोक मात्र नजरेच्या अंदाजाने ठरवू नका. ते हिशोबाने आधी पक्कं करा. तेच चुकलं तर पन्नासच्या पन्नास कमानी चुकतात आणि चूक कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

वरच्या १०० सेंमीच्या कॅनव्हासवर पश्चिम टोकापासून पाहिलं तर चौकटीजवळची कमान जेमतेम १८ मिमी रुंद येते आणि शेवटची ३ मिमी. या तीन मिलिमीटरात खांब, पोकळी, सावली आणि वरच्या दोन खिडक्या! म्हणून लांबच्या कमानींत प्रत्येक भाग रंगवत बसायचं नसतं. एक गडद ठिपका आणि एक फिकी उभी रेघ पुरते. शर्त एवढीच की रेघांमधलं अंतर हिशोबाचं हवं. तपशील गाळला तर डोळा माफ करतो, लय चुकली तर करत नाही.

रेषाटन

दोघांचेही मनापासून आभार. फट आता नीट समजली. समलंब आराखड्यावरून पुन्हा आखतो.

दोन शंका राहिल्या. उजवीकडच्या इमारतीची मोठी सावली फरशीवर पडते, तिची कड कोणत्या बिंदूकडे न्यायची? आणि माणसं कुठेही ठेवली तरी काही बुटकी आणि काही राक्षसासारखी दिसतात, त्यांची उंची कशी ठरवायची?

मापपट्टी

सावलीची कड प्रोकुरातिए नुओवेच्या वरच्या कंगोऱ्याची आहे. कंगोरा आडवा, जमीन सपाट, म्हणजे कड भिंतीला समांतर. म्हणून ती त्या भिंतीच्याच लोपबिंदूकडे जाते. चित्राच्या मध्याकडे नेलीत तर सावली भिंतीपासून सुटल्यासारखी दिसेल. उजवी बाजू दक्षिणेची असल्यामुळे तिचं तोंड उत्तरेला आहे आणि ती सावलीत राहते, डावी बाजू उन्हात. बॅसिलिकेच्या तोंडावर ऊन हवं असेल तर वेळ दुपारनंतरची धरावी लागते, कारण ते तोंड पश्चिमेला आहे.

फरशीच्या पांढऱ्या पट्ट्यांबाबत काहीही गृहीत धरू नका. आंद्रेआ तिरालीच्या आराखड्याची फरशी १७२३ पासून बसवायला घेतली होती. माद्रिदच्या थिसेन संग्रहालयातल्या कानालेत्तोच्या सुरुवातीच्या चित्रात तर ते काम चालू असलेलंच दिसतं. कोणता पट्टा कोणत्या भिंतीला समांतर आहे ते आराखड्यावर पट्टी ठेवून पाहा आणि मगच त्याचा लोपबिंदू ठरवा.

माणसांचं उत्तर क्षितिजरेषेत आहे. तुमचा डोळा जमिनीपासून ५ मीटरवर, म्हणजे पहिल्या मजल्याच्या खिडकीत धरला आणि माणूस १.६५ मीटरचा, तर त्याची उंची कायम पायापासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांश येते. जवळचा असो वा लांबचा. पाय कुठे टेकलेत ते ठरवा, तिथून क्षितिजापर्यंत पट्टी धरा, तिसरा हिस्सा घ्या. सगळ्यांची डोकी एका रेषेत आणण्याची सवय असते, पण ती डोळा माणसाच्याच उंचीवर असताना बरोबर असते. इथे तसं केलं की पुढची माणसं राक्षस होतात आणि मागची बुटकी.

अंधारपेटी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे, ते देतो.

कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे भिंग, ४५ अंशातला आरसा आणि ज्यावर प्रतिमा पडते तो कागद किंवा काच. व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात ‘ए. कानाल’ असं लिहिलेली एक पेटी आहे. तत्कालीन लेखक झानेत्ती याने १७७१ मध्ये लिहिलं आहे की कानालेत्तोने हे यंत्र नीट कसं वापरावं ते दाखवून दिलं आणि त्याचे दोषही तो ओळखून होता. माझ्या मते दोष ओळखण्याचा हा मुद्दा पेटीपेक्षा महत्त्वाचा आहे.

दोष कोणते? भिंगाची प्रतिमा मध्याला स्पष्ट आणि कडेला फिसकटलेली असते, सरळ कंगोरे कडेला वाकतात, गडद भागात तपशील बुडतो. पण सगळ्यात मोठी अडचण दृश्यकोनाची. चौक किंवा कालव्याचा मोठा विस्तार एका प्रतिमेत मावत नाही. म्हणून पेटी फिरवून तुकड्यातुकड्याने काढावं लागतं. व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात कानालेत्तोची रेखाटनवही आहे, पानं साधारण २३ × १७ सेंमीची. तिच्यात एकच दृश्य लागोपाठच्या पानांवर पुढे पुढे सरकत जातं. शाईच्या झरझर रेघा, इमारतींची नावं आणि रंगांच्या खुणा, पांढऱ्यासाठी बी, तांबड्यासाठी आर. अशा टिपणांना ‘स्काराबोत्ती’ म्हणतात. हे चित्र नव्हे, कच्चा माल आहे.

तुकडे जोडताना काय होतं ते पाहा. पेटी ३० अंश फिरवली की चित्रप्रतलही ३० अंश फिरलं. एका पानावर सरळ आलेला कंगोरा पुढच्या पानावर वेगळ्या उताराने सुरू होतो आणि सांध्यावर कोपर पडतं. मोबाइलच्या पॅनोरामात लांब भिंत धनुष्यासारखी वाकते, तोच प्रकार. नुसतं गिरवून हे जुळत नाही. सगळे तुकडे एका प्रतलावर पट्टीने पुन्हा आखावे लागतात. डोळा ते चित्र अंतर १०० सेंमी असेल तर मध्यापासून १० अंशांवरचा बिंदू १७.६ सेंमीवर येतो, २० अंशांवरचा ३६.४ वर, ३० चा ५७.७ वर, ४० चा ८३.९ वर.

या आकड्यांतली अंतरं बघा. पहिल्या दहा अंशांना १७.६ सेंमी, शेवटच्या दहा अंशांना २६.२. कडेचा भाग दीडपट ताणला जातो. गणिताने ते अगदी बरोबर आहे, पण डोळ्याला कडेचे खांब जाडजूड आणि घुमट लंबगोल दिसतात. म्हणून जिथे गणित आणि डोळा भांडतात तिथे चित्रकार ठरवतो. बोस्टनच्या संग्रहालयातलं ‘बाचिनो दी सान मार्को’, म्हणजे सान मार्कोसमोरच्या पाण्याच्या विस्ताराचं चित्र, घ्या, सुमारे १७३८ चं, १२४.५ × २०४.५ सेंमी. एवढं पाणी एका नजरेत मावत नाही, तरीही कडेचा एकही मनोरा ताणलेला वाटत नाही.

२०१७ मध्ये इंग्लंडच्या राजसंग्रहातल्या त्याच्या रेखाटनांची इन्फ्रारेड तपासणी जाहीर झाली. शाईखाली पट्टीने आखलेलं पेन्सिलीचं काम दिसलं. म्हणजे ती पक्की रेखाटनं पेटीत गिरवलेली नाहीत, टेबलावर बांधलेली आहेत. पेटी वापरली असेल तर टिपणांपुरती.

हे कौशल्य आलं कुठून, याचंही उत्तर सरळ आहे. त्याचे वडील बेर्नार्दो कानाल नाटकांचे पडदे रंगवत आणि तोही १७१९-२० मध्ये रोमला जाईपर्यंत त्याच कामात होता. रंगमंचाचे देखावे रचणाऱ्या फेर्दिनांदो गाल्ली बिबिएनाने १७११ च्या आपल्या ग्रंथात ‘शेना पेर आंगोलो’, म्हणजे कोपऱ्यातून पाहिलेला रंगमंच, पद्धतशीर मांडला. दोन लोपबिंदूंची ती रीत पडदे रंगवणाऱ्यांच्या हातात मुरली होती.

दोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या शासकांचा, प्रासाद पाण्याकडून कोपऱ्यातून काढताना हीच रीत लागते. कोपरा काटकोनी धरला तर दोन लोपबिंदूंची मध्यापासूनची अंतरं गुणली की डोळा ते चित्र अंतराचा वर्ग येतो. अंतर १०० सेंमी आणि डावा बिंदू ६० सेंमीवर ठेवलात तर उजवा १६७ सेंमीवरच पडला पाहिजे, म्हणजे कॅनव्हासच्या पार बाहेर. दोन्ही बिंदू कागदात बसवण्याच्या नादात ते जवळ आणतात आणि कोपरा जहाजाच्या नाळेसारखा टोकदार होतो. बाहेर भिंतीवर खिळा ठोका, दोरा बांधा, ताणून रेघा मारा. पडदे रंगवणारे हेच करत. प्रासादाला दक्षिणेकडे तळाला १७ कमानी आहेत आणि चौकाकडे १८. मापरेषेची रीत दोन्हीकडे वेगवेगळ्या मापबिंदूंनी लागेल.

उभ्या रेषा मात्र शेवटपर्यंत एकमेकींना समांतर ठेवा. मोबाइल वर तिरका धरून काढलेल्या फोटोत त्या वर मिळतात. या परंपरेत चित्रप्रतल नेहमी उभं असतं, तिसरा लोपबिंदू नसतो.

अस्तर आणि रंग

आखणीबद्दल वर सगळं आलंच आहे. ती रंगात टिकवायची कशी, त्याबद्दल थोडं.

कानालेत्तोच्या सुरुवातीच्या कॅनव्हासांना तांबूस तपकिरी अस्तर (चित्राखालचा पहिला रंगथर) असायचं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं ‘पाथरवटांचं अंगण’, सुमारे १७२५ चं, त्याच जातीचं. त्याची सावली उबदार आणि खोल लागते ती त्यामुळे. पुढे अस्तर फिकं, राखाडीकडे झुकणारं झालं आणि चित्रात ऊन वाढलं. तुमचा चौक उन्हातला आहे, तेव्हा फिकं अस्तर घ्या. आभाळ आधी रंगवा आणि इमारतींच्या वरच्या कडेखाली थोडं उतरवा. इमारती त्याच्यावर चढवल्या की कड स्वच्छ येते. आभाळ मागाहून भरायला गेलात तर प्रत्येक धुराड्याभोवती पांढरट वलय उरतं. निळ्यासाठी त्याने प्रशियन ब्लू वापरला, तो रंग तेव्हा नुकताच बाजारात आला होता. त्याची रंगशक्ती फार, पांढऱ्यात चिमूटभरच घाला.

रेषा तो नुसत्या ब्रशने मारत नसे. पट्टी ठेवून टोकदार वस्तूने ओल्या किंवा अर्धवट सुकलेल्या रंगात चर ओढलेले त्याच्या चित्रांत तिरप्या उजेडात दिसतात, कमानींसाठी कंपासचेही. चर ओढायची वेळ साधली पाहिजे. रंग फार ओला असेल तर कडा फुगतात, फार सुकला असेल तर खपली निघते. ब्रशने रेघ मारायची तर पट्टीची कड कॅनव्हासला टेकवू नका, एका बाजूने तीन-चार मिमी उचलून धरा. टेकली की पातळ रंग पट्टीखाली ओढला जातो आणि उचलताना डाग पडतो.

कंपास मात्र आपल्याला थेट समोरून दिसणाऱ्या कमानींनाच. लांब जाणाऱ्या भिंतीवरची अर्धगोल कमान लंबवर्तुळाची होते. तिच्याभोवतीचा चौकोन पर्स्पेक्टिव्हमध्ये आखा, कर्ण काढा, ते छेदतात त्यातून उभी रेषा न्या. कमानीचा माथा त्या रेषेवर येतो. पट्टीने मोजलेल्या मध्यावर माथा ठेवला की सगळ्या कमानी आपल्याकडे कलल्यासारख्या वाटतात. ही चूक इतकी सर्रास दिसते की आधी तीच तपासा.

एक खिडकी जवळून पाहा. गडद आयत, उजेडाच्या विरुद्ध बाजूच्या आतल्या जाडीवर एक फिकी उभी रेघ, खाली उंबऱ्याची आडवी फिकी रेघ, आणि तिच्याखाली केसाएवढी गडद रेघ. चार फटके, बस. भिंतीला जाडी येते ती त्या आतल्या फिक्या रेघेने. ती गाळली की खिडक्या कागदावर चिकटवलेल्या ठिकऱ्या वाटतात.

माणसं सगळ्यात शेवटी, सुकलेल्या फरशीवर. तोही तसंच करत असे. तैलरंग काळानुसार पारदर्शक होत गेल्यामुळे आज त्याच्या माणसांच्या अंगातून फरशीच्या रेषा दिसतात. तुम्हाला ते टाळायचं असेल तर माणसाच्या जागी आधी फिका अपारदर्शक थर द्या.

तुलनेला त्याचा भाचा बेर्नार्दो बेल्लोत्तो जरूर पाहा. सावल्या थंड आणि गडद, विटांचा पोत जास्त कठोर. फ्रांचेस्को ग्वार्दी याच्या उलट, तिथे रेषा थरथरते आणि हवा जिंकते. पर्स्पेक्टिव्ह शिकायचं असेल तर ग्वार्दी नंतर घ्या.

रेषाटन

आज समलंब आराखड्यावरून आखलं. डावा बिंदू ७ सेंमी डावीकडे, उजवा ७ उजवीकडे धरला आणि बॅसिलिका पहिल्यांदाच पाचही दारांसकट बसली. कमानींचे माथे खरंच कललेले होते, ते पुन्हा काढतो. शेवटचं एक विचारतो. पुढे ग्रँड कॅनाल, म्हणजे व्हेनिसचा मुख्य कालवा, घ्यायचा आहे, तिथे आराखडा कुठून धरायचा?

कर्णरेघ

तिथे दोन बिंदूंवर भागत नाही. कालवा उलट्या एससारखा वळत जातो आणि प्रत्येक वाडा काठाला धरून थोडा थोडा फिरतो. म्हणून प्रत्येक दर्शनी भिंतीला स्वतःचा लोपबिंदू, पण सगळे एकाच क्षितिजरेषेवर. शहराच्या नकाशावर तुमची उभं राहण्याची जागा ठेवा, चित्राचा अक्ष आखा, मग प्रत्येक वाड्याच्या दर्शनी भिंतीचा अक्षाशी होणारा कोन कोनमापकाने मोजा. कोनाचा टॅन्जंट गुणिले डोळा ते चित्र अंतर, की तिचा बिंदू मिळाला. १०० सेंमीला १२ अंशांची भिंत २१.३ सेंमीवर, १५ अंशांची २६.८ वर.

विसेंतिनी या कोरीवकाम करणाऱ्या कलाकाराने कानालेत्तोच्या चित्रांवरून केलेले १४ ठशांचे कोरीवकाम १७३५ मध्ये निघालं. त्यातली १२ ग्रँड कॅनालची दृश्यं आहेत. रंग नसल्यामुळे रेषा वाढवून पाहायला ते तैलचित्रांपेक्षा सोयीचे. पहिलं दृश्य म्हणून रिआल्तो पूल मात्र घेऊ नका. त्याची कमान २८ मीटरची, वर दोन्हीकडून चढ आणि त्यावर दुकानांच्या रांगा. चढत्या रेषांचे लोपबिंदू क्षितिजाच्या वर जातात आणि उतरत्या रेषांचे खाली. आधी सरळ काठाचे चार वाडे बसवा, पूल त्यानंतर.